उपेक्षित बालकांची गुरुमाउली : डॉ. मारिया माँटेसोरी

ज्या बालकास बोलणें उशिरां फुटतें, ज्यास नांव घेऊन हांक मारली तरी वळून पाहण्याचें भान राहत नाहीं, ज्यास दहा वर्षांचें झाल्यावरहि सदऱ्याची गुंडी लावतां येत नाहीं, असें बालक ज्या घरीं असतें त्या घरच्या आईबापांचें दुःख मोठें आणि बहुधा मुकें असतें. शेजारीपाजारी कुजबुजतात, नातलग कोणाचें तरी पाप शोधूं लागतात, आणि तें मूल मात्र ओटीवरून माजघरांत व माजघरांतून मागल्या खोलींत जातें. पेण, वडखळ, डोलवी ह्या आमच्या खाडीकांठच्या टापूंत अशीं मुलें नाहींत असें कोणीं समजूं नये. तीं आहेत, कित्येक आपल्याच कुटुंबांत आहेत. सुदैवानें अशा बालकांसाठीं चालविलेल्या शाळा आतां पेणेसारख्या गांवींहि निघाल्या आहेत. तेथें त्यांस हातांनीं काम करावयास, आपलें आपण जेवावयास, कपडे घालावयास आणि जमेल तेवढें लिहावयास-वाचावयास शिकवितात.

ह्या शाळांत पाऊल टाकणारास लांकडी ठोकळे, रंगीत मणी, गुंड्यांच्या चौकटी, खरखरीत कागदाचीं अक्षरें अशीं अनेक साधनें दिसतात. पाहणारास तीं खेळणीं वाटतात. परंतु त्यांपैकीं पुष्कळांच्या मागें एका स्त्रीचें आयुष्य उभें आहे. ही स्त्री आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेची कन्या होती, आणि आयुष्यांतील कांहीं कठीण वर्षें तिनें आपल्याच देशांत काढलीं. ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत तिचें चरित्र धर्मग्रामस्थांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

इटली देशांत आंकोना शहराजवळ कियाराव्हाल्ले नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें ३१ ऑगस्ट १८७० रोजीं मारिया माँटेसोरीचा जन्म झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी नोकरींत होते. आई रेनिल्दे ही वाचनाची आवड असलेली बाई होती. मारिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. १८७५ सालीं हें कुटुंब रोम शहरीं राहावयास आलें. त्या काळीं शिकलेल्या मुलीनें फार तर शाळेंत मास्तरीण व्हावें अशी चाल होती आणि वडिलांचीहि इच्छा तीच होती. परंतु मारियेनें प्रथम मुलांच्या तांत्रिक शाळेंत नांव घातलें, आणि पुढें डॉक्टर होण्याचा हट्ट धरला. वडिलांस तें रुचलें नाहीं; आई मात्र शेवटपर्यंत मुलीच्या पाठीशीं उभी राहिली.

वैद्यकाच्या वर्गांत सर्व पुरुष विद्यार्थी. त्यांच्याबरोबर एका मुलीनें मृतदेहाची चिरफाड पाहणें असभ्य मानलें जाई. म्हणून इतर विद्यार्थी निघून गेल्यावर, संध्याकाळीं, एकटीनें प्रेतांजवळ बसून तिला आपला अभ्यास पुरा करावा लागे. कित्येकदां तिचें धैर्य खचलें, परंतु तिनें अभ्यास सोडला नाहीं. १८९६ सालीं रोमच्या विद्यापीठानें तिला डॉक्टरची पदवी दिली. इटलींतील अगदीं पहिल्या स्त्री-डॉक्टरांत तिची गणना होते.

पदवी मिळाल्यावर डॉक्टर माँटेसोरी विद्यापीठाच्या मानसोपचार विभागांत साहाय्यक झाल्या. तेथील कामासाठीं त्यांस रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावें लागे. त्या इस्पितळांत वेडे झालेल्या प्रौढ माणसांच्या बरोबरीनें, ज्यांस त्या वेळीं मूढ किंवा जडबुद्धि म्हणत अशीं लहान मुलेंहि कोंडून ठेवलेलीं असत. खोली उघडी-बोडकी, हातांत धरावयास एखादी वस्तु नाहीं, पाहावयास एखादें चित्र नाहीं. एकदां तेथील राखणदारीण तिरस्कारानें सांगूं लागली कीं, हीं मुलें जेवण झालें कीं जमिनीवर पडून पावाचे तुकडे वेंचतात, इतकीं तीं ओंगळ आहेत. बाईंनीं मात्र निराळें पाहिलें. मुलें ते तुकडे खाण्यासाठीं वेंचीत नव्हतीं; त्यांस हाताळीत होतीं, चुरीत होतीं, त्यांच्याशीं खेळत होतीं. त्या रिकाम्या खोलींत हातांस दुसरें कांहीं मिळतच नव्हतें. तेव्हां बाईंच्या ध्यानीं आलें कीं, ह्या मुलांची भूक पोटाची नसून हातांची व मनाची आहे. आणि त्यांस औषधाहून शिक्षणाची गरज अधिक आहे.

हें नुसत्या दयेनें होणारें काम नव्हें, त्यास शास्त्र पाहिजे, हें जाणून त्या जुने ग्रंथ शोधूं लागल्या. फ्रान्समध्यें झां इतार (१७७४–१८३८) ह्या वैद्यानें अव्हेरों प्रांतांतील रानांत सांपडलेल्या एका मुलास शिकविण्याचा यत्न केला होता. हा मुलगा १८०० सालीं लोकांच्या हातीं आला. तो बोलत नसे व माणसांच्या डोळ्यास डोळा देत नसे. त्याचें नांव पुढें व्हिक्टर ठेवण्यांत आलें. आज ज्यास स्वमग्नता म्हणतात ती अवस्था ह्या मुलाची असावी असें कांहीं अभ्यासक मानतात. इतारचा शिष्य एदुआर सेगें (१८१२–१८८०) ह्यानें पुढें पॅरिसमध्यें अशा बालकांस शिकविण्याची सबंध पद्धति बसविली व नंतर तो अमेरिकेस गेला. ह्या दोघांचे ग्रंथ धूळ खात पडले होते. माँटेसोरीबाईंनीं ते मिळवून, प्रत्येक शब्द मनांत मुरावा म्हणून, आपल्या हातानें इटालियन भाषेंत उतरून काढले.

सेगेंच्या पद्धतीचा एक नमुना येथें सांगणें उपयोगी होईल, कारण तो कोणत्याहि आईस घरीं करतां येण्याजोगा आहे. मुलास नवीन शब्द शिकवावयाचा तर तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर दोन वस्तु पुढें ठेवून फक्त नांवें सांगावींः हा तांबडा, हा निळा. दुसऱ्या पायरीवर, मूल बोलत नसलें तरी चालेल, त्यास म्हणावें, तांबडा उचलून दे. हें पुष्कळदां, खेळीमेळीनें, निरनिराळ्या रीतीनें करावें. तिसऱ्या पायरीवरच विचारावें, हा कोणता? मूल चुकलें तर रागावूं नये, दुरुस्तहि करूं नये. धडा तेवढ्यावर थांबवून दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहिल्या पायरीपासून आरंभ करावा. ज्या शाळांत चुकीस छडी ठरलेली होती, त्या काळीं ही शिकवण किती नवी होती हें वाचकांनींच जाणावें.

१८९८ सालीं तुरीन शहरीं शिक्षकांची मोठी परिषद भरली. तेथें डॉक्टर माँटेसोरी ह्यांनीं उभें राहून ह्या टाकलेल्या मुलांची बाजू मांडली. त्याचें फळ असें झालें कीं, १९०० सालीं रोममध्यें अशा मुलांच्या शिक्षकांस तयार करणारी एक संस्था निघाली आणि तिला जोडून मुलांची शाळाहि चालूं लागली. डॉक्टर जुझेप्पे मोंतेसानो आणि डॉक्टर माँटेसोरी हे दोघे तिचे संचालक झाले. सकाळीं ८ पासून सायंकाळीं ७ पर्यंत बाई स्वतः मुलांमध्यें असत आणि रात्रीं दिवसभरांत काय पाहिलें तें लिहून ठेवीत. ज्यांस कोणी शिकवूं धजत नव्हता अशीं कांहीं मुलें लिहा-वाचावयास शिकलीं, आणि साधारण मुलांच्या सरकारी परीक्षेस बसून उत्तीर्ण झालीं. सर्वत्र आश्चर्य झालें. बाईंस मात्र दुसरेंच आश्चर्य वाटलेंः जर हीं मुलें येथवर येतात, तर धडधाकट मुलांस आमच्या शाळा इतक्या मागें कां ठेवतात?

येथें त्यांच्या आयुष्यांतील एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. डॉक्टर मोंतेसानो व त्या ह्यांचें परस्परांवर प्रेम जडलें होतें, आणि १८९८ सालीं, लग्न झालेलें नसतां, त्यांस मारियो नांवाचा मुलगा झाला. लोकापवादाच्या भयानें तो खेड्यांतील एका दाईकडे वाढविण्यास दिला. पुढें मोंतेसानो ह्यांनीं दुसरीशीं विवाह केला आणि १९०१ सालीं बाई ती संस्था सोडून निघाल्या. ज्या स्त्रीनें जगाच्या मुलांस उराशीं धरलें, तिला आपलें मूल पंधरा वर्षें दुसऱ्याच्या दारीं पाहावें लागलें. आईच्या मृत्यूनंतर, १९१३ च्या सुमारास, त्यांनीं मारियोस आपल्याजवळ आणलें. परंतु लोकांत तो पुष्कळ वर्षें पुतण्या किंवा मानलेला मुलगा म्हणूनच ओळखला जाई. ज्यांच्या घरीं लपवून ठेवलेलें दुःख आहे त्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, लपवाछपवीचें ओझें किती जड असतें तें ह्या थोर बाईस पुरतें ठाऊक होतें. संतांच्या चरित्रांतहि परमेश्वर मोडक्या भांड्यांतून पाणी पाजतो हें आपण वारंवार वाचतों.

संस्था सोडल्यावर त्यांनीं पुन्हां विद्यापीठांत अभ्यास केला. पुढें रोमच्या सान लोरेन्त्सो ह्या गरीब वस्तींत, दिवसभर आईबाप कामास गेल्यावर जिन्यांवर हुंदडणाऱ्या व भिंती खराब करणाऱ्या मुलांस सांभाळण्याचें काम त्यांच्याकडे आलें. ६ जानेवारी १९०७ रोजीं, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणादिवशीं, तेथें बालगृह उघडलें. त्या प्रसंगीं बोलतांना त्यांनीं त्या दिवसाच्या मिस्सांतील यशया संदेष्ट्याचें वाचन वाचून दाखविलें. अंधारांतून प्रकाशाकडे येणाऱ्या राष्ट्रांचें तें भविष्य त्या पन्नासएक मळकट मुलांच्या बाबतींत खरें ठरावें अशी त्यांची आशा होती. आणि ती फळास आली.

मतिमंद मुलांसाठीं घडविलेलींच साधनें बाईंनीं सुधारून तेथें ठेवलीं. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे असतात. सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. मुलानें ते एकावर एक क्रमानें रचावयाचे. दुसऱ्या साधनांत दहा लांकडी दट्ट्या असतात. प्रत्येक दट्ट्या आपल्याच भोंकांत नीट बसतो. एक जरी चुकीच्या जागीं गेला, तरी शेवटीं एक उरतो व मुलाची चूक मुलासच कळते; गुरुजींनीं ओरडावें लागत नाहीं. खरखरीत कागदाचीं अक्षरें बोटांनीं गिरवून हातास आकार कळतो, मग डोळ्यांस कळतो, मग वाचेस. गुंड्या, नाडी व बंद ह्यांच्या चौकटींवर सराव करून मूल आपला पोषाख आपण चढवूं लागतें. आमच्या पेणेस मूर्तिकारांचीं मुलें मातीशीं खेळतांखेळतां कारागीर होतात, तें पाहणारास हें तत्त्व निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. हातानें जें शिकलें तें मन सहसा विसरत नाहीं.

बाईंचा ग्रंथ १९०९ सालीं छापला गेला आणि थोड्याच वर्षांत त्यांचें नांव जगभर झालें. आपल्या धर्मभगिनींचाहि ह्या कार्यास आरंभापासून हात लागला. २८ डिसेंबर १९०८ रोजीं मेस्सीना शहर भूकंपानें जमीनदोस्त झालें. त्यांतून वांचलेल्या पोरक्या मुलांस रोममध्यें फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी ह्या संघाच्या मठांत आश्रय मिळाला, आणि तेथें माँटेसोरी पद्धतीचें बालगृह चालूं लागलें. भीतीनें गोठलेलीं तीं मुलें कामांत रमूं लागलीं, जेवूं लागलीं, हंसूं लागलीं. पुढें स्पेनमधील बार्सेलोना शहरीं मुलांस धर्मशिक्षण देण्याचा नवा प्रयोग झाला. तेथें मुलांनीं आपल्या हातांनीं गहूं पेरला, द्राक्षवेली लावल्या. आणि तोच गहूं व तींच द्राक्षें पवित्र मिस्साच्या भाकरीसाठीं व द्राक्षारसासाठीं उपयोगांत आणलीं. मिस्सा मुलांस समजावून सांगणारें एक पुस्तकहि बाईंनीं लिहिलें.

सर्वांनीं त्यांची वाहवाच केली असें नाहीं. मुलास इतकें स्वातंत्र्य दिल्यास आदिपापाची शिकवण कोठें राहील, असा आक्षेप कांहीं कॅथलिक पंडितांनीं घेतला. आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. परंतु बाईंच्या वर्गांत मोकाटपणा नव्हता. तेथें प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, प्रत्येक कामास आरंभ व शेवट ठरलेला होता. मुलास मोकळीक होती ती चांगलें काम निवडण्याची. परमगुरु पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनीं १९१८ सालीं त्यांस भेट दिली व त्यांच्या कार्यास आशीर्वाद दिला.

इटलींत मुसोलिनीचें राज्य आलें तेव्हां प्रथम त्यानें ह्या शाळांस पाठबळ दिलें. परंतु लहान वयापासून मुलांस लष्करी साच्यांत घालणाऱ्या सरकारचें आणि ह्या पद्धतीचें जुळणें शक्य नव्हतें. तेथील माँटेसोरी शाळा बंद करण्यांत आल्या व १९३४ सालीं बाई देशाबाहेर पडल्या. १९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी पेटली. तेथूनहि त्यांस निघावें लागलें. अखेर हॉलंडनें त्यांस आसरा दिला.

सन १९३९ मध्यें, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारियोसह मद्रासेस आल्या. अडियार येथें झावळ्यांनीं शाकारलेल्या मांडवांत सुमारें ३०० शिक्षक त्यांच्यापुढें जमिनीवर बसून शिकूं लागले. इतक्यांत १९४० च्या जूनमध्यें इटली महायुद्धांत उतरली. इटलीचे प्रजाजन म्हणून हीं दोघें ब्रिटिश सरकारच्या लेखीं शत्रु ठरलीं. बाईंस अडियारच्या आवारांत राहण्याची मुभा मिळाली. मारियोस मात्र धरून नेलें, आणि तें नेमकें आपल्या महाराष्ट्रांत, अहमदनगरच्या छावणींत. सत्तरीस टेकलेली आई एका टोकास आणि मुलगा दुसऱ्या टोकास. ३१ ऑगस्ट १९४० रोजीं बाईंचा सत्तरावा वाढदिवस आला. त्या दिवशीं व्हाइसरॉयची तार आलीः त्यांच्या मुलास मोकळें करण्यांत येत आहे. मारियोचा उल्लेख पुत्र म्हणून उघडपणें झाला तो ह्या तारेनें. जें नातें बेचाळीस वर्षें झांकलें होतें तें परक्या देशांत, कैदेच्या निमित्तानें, उजेडांत आलें.

पुढें कोडाईकनाल येथील थंड हवेंत त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं व मोठ्या मुलांच्या शिक्षणाचा विचार तेथें परिपक्व केला. १९४६ सालीं त्या युरोपास परतल्या. १९४७ सालीं पुन्हां हिंदुस्थानांत आल्या आणि १९४८ सालीं अहमदाबाद, अडियार व पुणें येथें शिक्षकांचे वर्ग चालविले. त्यांच्या हाताखालीं ह्या देशांत हजारावर शिक्षक तयार झाले. त्यांच्या येण्यापूर्वींच भावनगरास गिजुभाई बधेका व त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनीं ही पद्धति आपल्या मातींत रुजविण्यास आरंभ केला होता. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. महागडीं परदेशी साधनें खेड्यांत परवडणार नाहींत हें जाणून ताराबाईंनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालवाडी काढली, आणि गारगोट्या, शिंपले, बिया, मातीचीं भांडीं ह्यांनाच साधनें केलें. आपल्या खाडीकांठीं शिंपल्यांची व गारगोट्यांची वाण नाहीं हें सांगावयास नको.

१९४९, १९५० व १९५१ अशीं तीन वर्षें नोबेल शांतता पारितोषिकासाठीं माँटेसोरीबाईंचें नांव सुचविण्यांत आलें. पारितोषिक मिळालें नाहीं. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडांतील नोर्डवाइक ह्या समुद्रकांठच्या गांवीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. तेथील कॅथलिक दफनभूमींत त्यांचें थडगें आहे. मृत्युपत्रांत त्यांनीं मारियोस आपला पुत्र म्हणूनच संबोधिलें.

ह्या चरित्रांत एक विचित्र गोष्ट आहे. ज्या टाकलेल्या मुलांपासून ही विद्या निघाली, तीं मुलें पुढें मागें पडलीं, आणि माँटेसोरीचें नांव शहरांतील सुखवस्तु मुलांच्या शाळांच्या पाट्यांवर चढलें. परंतु झरा आपल्या मूळ ठिकाणींहि वाहतच राहिला. मुंबईंत जय वकील ह्या मातेनें आपल्या मुलीसाठीं १९४४ सालीं घरीं लहानशी शाळा सुरू केली. तीच पुढें शिवडी येथें विशेष मुलांची मोठी संस्था झाली. पुण्यास १९६४ सालीं कामायनी ही शाळा निघाली. मुंबईस सोफिया कॉलेजच्या आवारांतील साधना शाळा हेंच कार्य करीत आली आहे. ह्या काळांत शास्त्रहि पुढें गेलें. स्वमग्नतेचें स्पष्ट वर्णन लिओ कॅनर ह्या डॉक्टरानें १९४३ सालीं केलें. त्यापूर्वीं अशीं मुलें इतरांतच मोजलीं जात. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता ह्या दोहोंस एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्थान दिलें आहे, आणि अशा मुलांस शिक्षणाचा हक्क आहे. तो हक्क आहे, कोणाचा उपकार नव्हे.

तेव्हां, धर्मग्रामस्थहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? जन्मांधास पाहून शिष्यांनीं प्रभूस विचारलें होतें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें तो प्रश्नच मोडून काढला. जो प्रश्न प्रभूनें मोडला तो आपण आपल्या आळींत पुन्हां विचारूं नये. ज्या आईबापांच्या पदरीं असें मूल आहे त्यांनीं त्यास लवकर डॉक्टरास दाखवावें व शाळेंत घालावें. लहानपणीं गेलेलें एक वर्ष मागाहून भरून काढणें कठीण जातें. ज्यांच्या पदरीं तें नाहीं त्यांनीं शेजाऱ्याच्या मुलास शाळेंत पोहोंचविण्यास हातभार लावावा, आणि त्याच्या आईस एखादा प्रहर विसांवा द्यावा.

मिस्साच्या वेळीं असें मूल मध्येंच ओरडलें तर वळून डोळे वटारूं नयेत. प्रवचनाचा एखादा शब्द ऐकूं आला नाहीं तर चालेल, परंतु ती आई पुढच्या रविवारीं घरींच बसली तर तें आपल्या सर्वांचें नुकसान आहे. परमगुरु दहावे पायस ह्यांनीं १९१० सालीं लहान मुलांसाठीं ख्रिस्तप्रसादाचें दार मोकळें केलें, तेव्हां त्यांनीं लहानांकडून मोठी विद्वत्ता मागितली नाहीं. ही भाकर नेहमींची भाकर नव्हे एवढें ओळखणें त्यांनीं पुरेसें मानलें. तेवढी ओळख आपल्या ह्या बालकांसहि पटूं शकते, मात्र ती हळूहळू, हातांनीं, डोळ्यांनीं आणि प्रेमानें पटवावी लागते. ज्या कुटुंबांस आपल्या अशा मुलास प्रथम ख्रिस्तप्रसादासाठीं तयार करावयाचें असेल त्यांनीं संकोच न धरतां आमच्याकडे यावें.

ज्युबिलीच्या वर्षीं आपण देवळास रंग देतों, घंटा घासूनपुसून लखलखीत करतों, वेदीवर फुलें वाहतों. तें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या प्रभूनें लहानांस आडविणाऱ्या शिष्यांस दटावलें, त्याच्या दृष्टीस आपल्या गांवच्या मागल्या खोल्यांतून एक जरी मूल बाहेर ओटीवर आलें, तर तोच ह्या ज्युबिलीचा खरा शृंगार ठरेल. परमेश्वर आपणां सर्वांस तेवढी बुद्धि व तेवढें धैर्य देवो.